पॉवर स्टेशन घेण्याआधी: किती लागणार आणि भरणार कुठून

दापोलीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पंप, मिक्सर, पंखे, पिठाच्या चक्कीच्या मोटारी, जे जळेल ते माझ्याकडे येतं. एप्रिल-मे आला की गिऱ्हाईक जळकी मोटार काउंटरवर ठेवता ठेवता हमखास विचारतं, "ते बॅटरीचं पॉवर स्टेशन म्हणतात ते घेऊ का? कोणतं घेऊ?" पॉवर स्टेशन म्हणजे लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि सॉकेट एकत्र बसवलेला, उचलून नेता येणारा डबा. उभ्या उभ्या याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या सगळ्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले. काही वाड्यांना लाईट यायला आठवडेच्या आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हापासून बॅकअपकडे आमच्याकडे कुणी चैन म्हणून बघत नाही. बॅटरी केवढी आहे हे सगळे विचारतात. ती संपल्यावर पुन्हा भरणार कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि लांबच्या अंधारात सगळं त्याच्यावरच अडतं. पुढे जे सांगतोय ते हे डोळ्यांसमोर ठेवूनच.

आधी हे बघा की तुम्हाला पॉवर स्टेशन खरंच हवंय का. घर स्वतःचं आहे, रोज दोन-चार तास लाईट जाते आणि बॅकअप एका जागी राहिला तरी चालणार आहे, तर साधा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरीच घ्या. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरली तरी तेवढ्या पैशांत तेवढी साठवण लिथियमच्या डब्यात मिळत नाही. शिवाय ती घराच्या वायरिंगला जोडलेली असते, छताचे पंखे आपोआप फिरतात. पॉवर स्टेशन घ्यावं ते भाड्याच्या घरात वायरिंगला हात लावता येत नसेल तर, पन्नास-साठ किलोची बॅटरी ठेवायला जागा नसेल तर, डिस्टिल्ड वॉटर घालायला कुणी नसेल तर. किंवा तीच वस्तू आज घरात, उद्या गाडीत, परवा तंबूत न्यायची असेल तर.

आधी वॉट-अवर, मग बाकी सगळं

डब्यावर दोन आकडे महत्त्वाचे असतात. वॉट म्हणजे एका वेळी किती ओढता येईल, वॉट-अवर म्हणजे एकूण किती साठवलंय. दुसरा आकडा वीजबिलावरून लगेच कळतो: बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. म्हणजे ५०० वॉट-अवरचा डबा अर्धं युनिट वीज साठवतो, त्याहून काही नाही. हे लक्षात ठेवलं की "अख्खं घर दोन दिवस चालेल" असलं कुणी सांगितलं तरी आपण फसत नाही. आपलं महिन्याचं बिल १२० युनिटचं असेल तर दिवसाला ४ युनिट झाली.

काही विक्रेते वॉट-अवर छापतच नाहीत, मिलिअँपिअर-अवर छापतात, कारण आकडा मोठा दिसतो. ८०,००० म्हटलं की छाती दडपते. पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८० अँपिअर-अवर गुणिले ३.७ केलं की २९६ वॉट-अवर. वॉट-अवर कुठेच लिहिलेले नसतील तर ती वस्तू खाली ठेवा.

आता वही-पेन घ्या आणि लाईट गेल्यावर नेमकं काय चालायला हवं ते लिहा. आमच्याकडच्या साध्या घराचा हिशेब असा येतो. ९ वॉटचे दोन एलईडी दिवे सहा तास, १०८. इंटरनेटचा राउटर १० वॉटचा, बारा तास, १२०. तीन मोबाइल, मिळून ४५. एक टेबल फॅन ५५ वॉटचा, रात्रीचे आठ तास, ४४०. बेरीज ७१३. पण आतली बॅटरी डीसी, तिचं २३० व्होल्ट एसी करताना काही भाग उष्णतेत जातो, म्हणून ०.८५ ने भागा. ८४० च्या आसपास आलं. म्हणजे एका रात्रीला सुमारे ८५० वॉट-अवरचा डबा.

यात पंखा एकटा निम्म्याहून जास्त खातोय. त्याच्या जागी ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) टेबल किंवा स्टँड फॅन घेतला की बेरीज ५१३ वर येते आणि डबा ६०० चा पुरतो. नवा पंखा काही हजारांत येतो, मोठ्या डब्यासाठी जास्तीचे पैसे त्याहून बरेच जातात. गिऱ्हाइकाला मी पहिला सल्ला हाच देतो, आणि तो पंखा वर्षभर वीजबिलही वाचवतो. छताचा पंखा यात धरू नका. त्याला प्लग नसतो, तो बोर्डाच्या वायरिंगवर असतो, पॉवर स्टेशनच्या सॉकेटमध्ये लावणार काय?

राउटरला एसीची गरजच नाही. बहुतेक राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालतात, आणि पॉवर स्टेशनला १२ व्होल्टचा आउटपुट असतो. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट, अँपिअर आणि पिनच्या मध्याचं प्लस-मायनस बघून योग्य केबल घ्या. फायदा असा की एसीचं बटण बंद ठेवता येतं. ते बटण नुसतं चालू असलं, काहीही लावलं नसलं, तरी आतला इन्व्हर्टर दहा-वीस वॉट खात बसतो. रात्रभर १० वॉटच्या राउटरसाठी १५ वॉट वाया घालवणं परवडत नाही.

फ्रिज: इथे सगळे अडतात

फ्रिजचं दोन भागांत बघायचं. रोजचा खप सोपा आहे. दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिट्स छापलेली असतात, ३६५ ने भागा. १९० लिहिलं असेल तर दिवसाला अर्ध्या युनिटाच्या किंचित वर. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, कोकणातल्या मे महिन्यात थोडा वाढवून धरा.

अवघड भाग आहे स्टार्टिंगचा. साध्या कॉम्प्रेसरचा सिंगल डोअर फ्रिज चालू असताना शंभरेक वॉट घेतो. पण कॉम्प्रेसर उठतो त्या क्षणी करंट पाच-सात पट, कधी त्याहून वर जातो. अर्ध्या सेकंदाचाच झटका, पण ३०० वॉटचा डबा तेवढ्यात ट्रिप होतो. हे स्वतः बघायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेला चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, मागून घ्या. अख्ख्या कॉर्डभोवती चिमटा लावला तर मीटर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. फेजची एकच तार चिमट्यात यायला हवी, आणि ती वेगळी काढायचं काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. मीटरवर इनरशची, म्हणजे सुरू होतानाचा झटका मोजायची, सोय असेल तर ती लावा. कॉम्प्रेसर सुरू होताना काटेकोर आकडा मिळतो: चालताना पाऊण अँपिअर दाखवणारा फ्रिज उठताना पाच-सहा अँपिअरवर उडी मारताना मी नेहमी बघतो. ६ गुणिले २३० म्हणजे १४०० च्या घरात.

म्हणून साध्या फ्रिजसाठी सलग १००० वॉट आणि क्षणिक २००० वॉट देणाऱ्या डब्याखाली जाऊ नका. फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर तो हळूहळू उठतो, झटका जवळजवळ नसतोच, लहान डब्यावरही चालतो. आणि लाईट गेल्यावर फ्रिज सतत चालवायची गरज नाही. दार बंद ठेवलं तर चारेक तास थंडावा टिकतो. मग दर चारेक तासांनी थोडा वेळ चालवा, बाकी वेळ मुलांना दाराला हात लावू देऊ नका.

अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप याच जातीचा, पण जास्त आडमुठा. चालताना साडेपाचशे-सहाशे वॉट आणि उठताना त्याच्या कित्येक पट. पंपासाठी पॉवर स्टेशन घेऊ नका. वादळाची सूचना आली की टाकी भरून ठेवा. गीझर, इस्त्री, इंडक्शन, केटल ही उष्णता करणारी मंडळी तर यादीतच नकोत.

घरात औषधोपचाराचं यंत्र असेल तर हिशेब वेगळा आणि काटेकोर. झोपेत श्वासासाठी लावतात ते सीपॅप, त्यातला ह्युमिडिफायर बंद ठेवला तर, ३० ते ६० वॉटमध्ये चालतं. त्याचा कंपनीचा डीसी अडॅप्टर मिळतो तो घ्या, रात्र आरामात निघते. पण ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॉटच्या आसपास ओढतो. १००० वॉट-अवरचा मोठा डबासुद्धा त्याला अडीच तास पुरत नाही. तो वेळ भरलेला सिलिंडर जोडण्यापुरता आहे एवढंच समजा. जीव त्याच्यावर टाकू नका, सिलिंडर घरात हवाच. इन्सुलिनसाठी फ्रिज चालवायचा आटापिटा करणारे बरेच येतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं हे खरं, पण वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं. आपल्या औषधाचं नेमकं डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

आत काय आहे

दोन गोष्टींवर तडजोड नको. पहिली, आउटपुट प्युअर साइन वेव्ह हवा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट. स्वस्त डब्यांत चौकोनी लाट असते. तिच्यावर दिवे आणि चार्जर चालतात, पण पंखा घुमतो, फ्रिजची मोटार तापते. काळी पडलेली वाइंडिंग सोलताना मी विचारतो, कशावर चालवत होतात? बऱ्याचदा उत्तर तेच येतं.

दुसरी, सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे हवेत, म्हणजे डब्यावर एलएफपी किंवा लाइफ-पीओ-फोर असं लिहिलेलं. हे सेल दोन-तीन हजार वेळा भरून-रिकामे होऊनही बहुतांश क्षमता राखतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या लिथियम जातीचे साधारण पाचशे ते हजारच्या दरम्यान उतरणीला लागतात. एलएफपी जरा जड असतात, पण तापल्यावर पेट घेण्याचा धोका त्यांत कमी. घरात, माणसं झोपतात त्या खोलीत ठेवायची वस्तू आहे, हे लक्षात घ्या. किंमत तोलताना नुसते रुपये भागिले वॉट-अवर करू नका, किती वेळा भरता येणार आहे तेही धरा. मग महाग दिसणारा डबा पुष्कळदा स्वस्त निघतो.

अमेरिकेतला भाचा किंवा मुलगी येताना आणेल, असं काहीजण ठरवून ठेवतात. ते होणार नाही. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे अजिबात नाही. आणि तिथल्या डब्याचा आउटपुट १२० व्होल्टचा, ६० हर्ट्झचा. आपला पंखा-फ्रिज त्याच्यावर चालायचा नाही. इथलाच घ्या, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघून घ्या, आणि बिघडला तर कुठे पाठवायचा ते घेण्याआधी विचारा. एवढा जड लिथियमचा डबा कुरियरवाले सहज उचलत नाहीत. रत्नागिरी-चिपळूणला सर्व्हिस असेल तर ती मोठी जमेची बाजू.

भरणार कुठून

आता मुख्य मुद्दा. डबा घेताना सोलर पॅनल सोबत घ्या, फुकटात भरेल, असं सगळीकडे सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात लाईट गेली तर हे खरं आहे. २०० वॉटचं पॅनल स्वच्छ उन्हात दीडशेच्या आसपास देतं, ६०० चा डबा चार-साडेचार तासांत भरतो. पण कोकणात लाईट जाते कधी? जून ते सप्टेंबर. तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि भरून आलेल्या आभाळाखाली तेच पॅनल वीस-तीस वॉटवर येतं. मोबाइल चार्ज होतील, डबा नाही. पॅनल घेणारच असाल तर त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता मिळणारं) डब्याच्या कमाल इनपुट व्होल्टेजच्या आत आहे का ते बघा. दोन पॅनल सीरिजमध्ये (एकापुढे एक, व्होल्टेजची बेरीज होईल असे) जोडून इनपुट जाळलेले डबे मी उघडलेत.

आमच्याकडे कामाला येते ती गाडी. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून १०० ते १२० वॉट मिळतात, म्हणजे ६०० चा डबा भरायला पाच-सहा तास, इंजिन चालू ठेवून. दापोलीला कामाला जाऊन-येऊन दीड-दोन तास झाले तर रात्रीचे दिवे आणि मोबाइल निघतात. डब्यासोबत ही केबल येते का ते विचारून घ्या. काही कंपन्या थेट गाडीच्या बॅटरीला जोडायचा जास्त वॉटचा चार्जर वेगळा देतात. रोज गाडी फिरणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. गाडी चालू ठेवायची ती उघड्यावर, बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये नाही. पेट्रोल जनरेटरलाही हाच नियम. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत असते: भिंतीवरच्या प्लगमधून डबा किती वॉटने भरतो. मोठी दुरुस्ती चालू असते तेव्हा लाईट एकदम येत नाही. तासभर येते, पुन्हा जाते. ६० वॉटचा अडॅप्टर असलेल्या डब्यात त्या तासात ६० वॉट-अवर पडले. ५०० वॉटने भरणारा तेवढ्यातच जवळजवळ भरला. दोन डबे सारखे वाटत असतील तर जो वेगाने भरतो तो घ्या, क्षमता शंभर-दीडशेने कमी असली तरी. शेजारच्या गावात लाईट आली असेल, तिथे नेऊन दोन तासांत भरून आणता येतो. म्हणूनच एका हाताने उचलवेल एवढंच वजन हवं. ६०० च्या आसपासचा एलएफपी डबा सात-आठ किलोंचा असतो. दोन हजार वॉट-अवरचा वीस किलोंच्या वर जातो.

एक काम कधीच करू नका

दोन्ही टोकांना प्लगच्या पिना लावलेली वायर करून पॉवर स्टेशनमधून घरातल्या बोर्डात उलटी वीज सोडणारे लोक आहेत. छताचे पंखे फिरावेत म्हणून. हात जोडून सांगतो, हे करू नका. मेन स्विच चुकून चालू राहिला आणि तुमच्या घरची सर्व्हिस वायर पुढे कुठे तुटून पडलेली असेल, तर तुमच्यापासून त्या तुटक्या टोकापर्यंत तार जिवंत होते. तिथे भर पावसात, चिखलात उभा राहून कोणीतरी वायरमन ती तार हातात घेणार असतो. डीपीवरून लाईन बंद आहे या भरवशावर. निसर्गनंतर या पोरांनी काय काम केलंय ते आम्ही बघितलंय. घराचं वायरिंग जोडायचंच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाईन किंवा बॅकअप, एकच जोडणारा) बसवून घ्या. नाहीतर एक्स्टेंशन बोर्ड लांबवून वस्तू थेट लावा. डबा ओल्या जमिनीवर नको, लाकडी पाटावर ठेवा. बहुतेक डबे पाण्यापासून सुरक्षित नसतात, पागोळीचे शिंतोडेसुद्धा नकोत.

बाहेर नेताना

गडावर पाठीवर घेऊन चढणार असाल तर पॉवर स्टेशन विसरा. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४ वॉट-अवर साठवते, दोन-तीन मोबाइल आणि टॉर्च निघतात. गाडी तंबूपर्यंत जात असेल तिथे ३०० वॉट-अवरचा डबा दोन रात्रींना पुरतो: यूएसबीवरचा दिवा, छोटा पंखा, मोबाइल, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या. स्वयंपाक गॅसवरच करा. समुद्रकाठी वाळू आणि खारा वारा डब्याच्या पंख्यातून आत जातो, सॉकेटच्या पट्ट्या हिरव्या पडतात. म्हणून उंचावर ठेवा, आणि घरी आल्यावर कोरड्या ब्रशने जाळी साफ करा. चालू असताना मात्र टॉवेलने झाकू नका, वारा लागलाच पाहिजे.

वेळास, आंजर्ल्याला कासवांच्या मोसमात येत असाल तर किनाऱ्यावर दिवा लावूच नका. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्र सोडून तुमच्या तंबूकडे येतील. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाल तेव्हाही तसंच. डब्याचा डिस्प्ले आणि बाजूचा दिवासुद्धा बंद करता येतो का ते घेतानाच बघा.

घरी आणल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. डबा पूर्ण भरा. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब होल्डरला लावून एसीवर चालू करा, घड्याळ लावा, आणि पार बंद पडेपर्यंत तिथेच घरात राहा. ५०० वॉट-अवरचा डबा सव्वाचार तासांच्या आसपास जायला हवा. तीन तासांतच बसला तर क्षमता खोटी आहे, लगेच परत करा. मग फ्रिज लावून बघा, कॉम्प्रेसर दोन-तीनदा उठू द्या. लाईट जाताच आपोआप बॅटरीवर जाण्याची सोय सांगितली असेल तर कॉम्प्युटर लावून भिंतीवरचा खटका बंद करून बघा. काही डब्यांना एवढा उशीर लागतो की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

वापर नसेल तेव्हा निम्मा-साठ टक्के भरून, सावलीत ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच नको, उष्णतेने लिथियमचं आयुष्य झपाट्याने घटतं. दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून थोडा वापरून पुन्हा भरा. रोहिणी नक्षत्र लागलं की शंभर टक्के करा. गाडीची केबल, राउटरची केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड त्याच पिशवीत बांधून डब्याशेजारी ठेवा.